बोट गेली, आता शेड तरी राहू द्या

प्रति,
मा. अध्यक्ष आणि सर्व सदस्य,
बंदर परिसर सुशोभीकरणाचा निर्णय घेणारी आमच्या गावची संस्था

विषय : बंदरावरची जुनी कौलारू शेड १५ दिवसांत रिकामी करण्याची आपली नोटीस

सप्रेम नमस्कार.

संस्थेचं नाव मुद्दाम लिहिलेलं नाही. गावात ते सगळ्यांना ठाऊक आहे, आणि बाहेरगावच्या वाचकाने आपल्याकडच्या एखाद्या संस्थेचं नाव तिथे घालून वाचलं तरी पत्राचा अर्थ बदलणार नाही. पत्र उघड लिहितोय, कारण बंद पाकिटातली तीन पत्रं याआधी देऊन झाली. तिन्हींची पोच आहे, उत्तर एकाचंही नाही.

आपली नोटीस मंगळवारी दुपारी शेडच्या दाराला चिकटवली गेली. त्या वेळी दार उघडायला आमच्यातलं कुणीही तिथे नव्हतं, कारण शेडमध्ये जमणारे आम्ही सगळे निवृत्त नौसैनिक स्मशानात होतो. आयएनएस विराट या विमानवाहू युद्धनौकेवरचा आमचा कुक आदल्या रात्री गेला. वय ७१. परत येताना नेहमीच्या सवयीने पाय शेडकडे वळले आणि कागद दिसला. चष्मा लावून एकाने मोठ्याने वाचला. कुणी काही बोललं नाही. मग आतली वही काढून त्याच्या नावापुढे फुली मारली. आमच्या वहीत ३७ नावं आहेत, ही पंधरावी फुली.

त्या कुकबद्दल आधी सांगतो, कारण शेडमध्ये नेमकं काय ठेवलंय हे त्याच्यावरून कळेल. विराटवर दीड हजारांच्या आसपास माणूस असायचा. एवढ्या जणांचं तीन वेळचं खाणं गॅलीत, म्हणजे बोटीच्या स्वयंपाकघरात व्हायचं आणि ते साऱ्या देशाला चालेल असं असायचं, म्हणजे खरं तर कुणालाच पुरतं न आवडणारं. आमच्या या गड्याच्या लॉकरमध्ये कपड्यांखाली एक पुरचुंडी असायची. तिच्यात तिरफळं. महिन्या-दोन महिन्यांतून कधी ताजी मासळी चढली की तो आपल्यापुरत्या छोट्या टोपात बांगड्याचं तिखलं करायचा. तिरफळाचा वास व्हेंटिलेशनच्या नळातून कुठे कुठे जायचा देव जाणे, पण अर्ध्या तासात मालवण, देवगड, वेंगुर्ले, राजापूर, गुहागर असे सगळे तालुके गॅलीच्या दाराशी हजर. एकदा एका पंजाबी चीफने विचारलं, "ये कौन सी दवाई की बू है?" तर हा म्हणाला, "घर की याद की दवाई है, साब." त्याची ती तिरफळाची पुरचुंडी, तीच, आज शेडमध्ये काचेच्या बरणीत आहे. वास उडालाय. ती बरणी १५ दिवसांत कुठे हलवायची?

आता माझं. मी मरीन इंजिनिअरिंग शाखेचा, साध्या भाषेत स्टोकर, बॉयलर सांभाळणारा. दहावी झाली, ओडिशात चिल्काला ट्रेनिंग, मग लोणावळ्याला आयएनएस शिवाजी या नौदलाच्या प्रशिक्षण केंद्रात इंजिनाचं शिक्षण आणि तिथून थेट विराट. तेव्हा ती आपल्या नौदलात येऊन फार दिवस झाले नव्हते. १२ मे १९८७ रोजी तिच्यावर आपलं निशाण चढलं. पण बोट नवी नव्हती. १९५९ पासून ती ब्रिटिशांकडे एचएमएस हर्मीस म्हणून होती आणि १९८२ च्या फॉकलंड युद्धात त्यांच्या ताफ्याची मुख्य बोट होती. खाली काही व्हॉल्व्हवर जुन्या इंग्रजी पितळी पट्ट्या तशाच होत्या. आम्ही त्या घासायचो. (नौदलात शिपला बोट म्हटलं की पहिल्या आठवड्यात कान उपटतात. पण निवृत्त होऊन गावात आलो की ती पुन्हा बोटच होते, म्हणून इथे बोटच लिहितो.)

विमानवाहू जहाजावर नोकरी केली म्हटल्यावर लोक पहिला प्रश्न विचारतात, ते हॅरियर लढाऊ विमान कसं उडायचं? खरं सांगतो, मी हॅरियर ऐकला खूप, पाहिला क्वचित. माझी जागा पाण्याच्या पातळीखाली, बॉयलर रूममध्ये. चार बॉयलर, दोन टर्बाइन, ७६,००० अश्वशक्ती. २८,७०० टनांचं ते धूड त्या वाफेवर २८ नॉटपर्यंत, म्हणजे तासाला २८ सागरी मैल पळायचं. आत तापमान पन्नाशीच्या पुढे. उच्च दाबाची वाफ गळू लागली तर ती डोळ्यांना दिसत नाही, नुसता आवाज येतो. म्हणून आम्हाला शिकवलं होतं की आवाजाकडे जाताना झाडूचा दांडा पुढे धरून चालायचं. दांडा तुटला तर गळती तिथे. हात पुढे करून चालणाऱ्याचं काय होईल, ते सांगायला लागायचं नाही.

बॉयलरच्या नळ्यांवरची काजळी रात्री उडवावी लागे. त्यासाठी ब्रिजवरून, म्हणजे बोट चालवतात तिथून परवानगी घ्यायची, वारा कुठल्या बाजूने आहे ते बघायचं, डेकवर विमानं उभी असली तर थांबायचं. एकदा वाऱ्याने दगा दिला आणि सकाळी पांढऱ्याशुभ्र गणवेशात परेडला उभ्या राहिलेल्या अधिकाऱ्यांवर काळी पिठी पडली. आमच्या सात जणांची लिबर्टी, म्हणजे किनाऱ्यावर जायची सुट्टी बंद झाली. त्या सातांपैकी एक विजयदुर्गचा. आज त्याचं वय ६८, आणि अजूनही तो शपथेवर सांगतो की वारा बरोबर होता.

मुंबईहून गोव्याकडे जाताना रात्री आपला किनारा डाव्या हाताला यायचा. वॉच, म्हणजे कामाची पाळी संपवून, घामाने निथळत, आम्ही पाच-सहा कोकणी वर मोकळ्या हवेत यायचो. दूरवर दीपगृहाचा दिवा अंधुक फिरताना दिसायचा. किती सेकंदांनी लुकलुकतो ते मोजून कुठलं गाव ते ओळखायचं. देवगडचा एक सिग्नलमन होता, तो हळूच म्हणायचा, "तो बघ आमचो दिवो. आवस आता भाकरी थापत आसतली." रात्री बारा वाजता कुणाची आई भाकरी थापते? पण कुणी त्याला अडवलं नाही. घरचं पत्र फ्लीट मेल ऑफिसमार्फत यायचं, कधी तीन आठवड्यांनी. गणपतीला सुट्टी मिळाली नाही की त्याचं उत्तर दिवाळीला पोचायचं.

१९८९ साली श्रीलंकेच्या प्रकरणात गढवाल रायफल्सचे जवान कोचीजवळ हेलिकॉप्टरने आमच्या बोटीवर उतरले. डोंगरातली माणसं. बोटीच्या पोटातल्या गल्ल्यांमध्ये ती हरवायची, तास तास सापडायची नाहीत. माझा बंक मी त्यांच्यातल्या एकाला दिला होता. बोट लागून तो बेजार झाला होता, आणि उलटी थांबली की हात जोडून विचारायचा, "भाई, इसमें ब्रेक नहीं है?" त्याला लिंबूपाणी पाजणारा कोण, तर परवा गेलेला आमचा कुक.

हे सगळं एवढं लिहायचं कारण असं की आपल्या नोटिशीत या साऱ्याला "किरकोळ भंगार सामान" म्हटलंय.

आता शेडकडे येतो. मुंबईच्या भाऊच्या धक्क्यावरून प्रवासी आगबोट या किनाऱ्याला यायची, तेव्हाची ही तिकिटाची आणि मालाची जागा. जांभ्याच्या भिंती, मंगलोरी कौलं, दोन खोल्या. आगबोट बंद झाली, शेड ओस पडली. पुढच्या खोलीत जाळी सुकायची, मागच्या खोलीत काय चालायचं ते गावाला माहीत आहे. आम्ही निवृत्त मंडळींनी आपल्या खर्चाने तिची कौलं परतली, भिंतीला चुना दिला, दाराला कुलूप घातलं. त्या वेळच्या आपल्या पदाधिकाऱ्यांनी तोंडी परवानगी दिली, वर चहाही पाजला. लेखी घ्यायला हवं होतं, ही चूक आमची. नौदलात सगळं तीन प्रतींत लिहून घेणाऱ्यांनी गावात शब्दावर विश्वास ठेवला.

आत काय आहे याची यादी आपल्या माणसाने केलेली नाही, म्हणून मीच सांगतो. आमच्या डिव्हिजनचा फोटो, त्यातल्या प्रत्येक चेहऱ्याखाली पेन्सिलीने नाव. बोटीच्या मानचिन्हाची लाकडी ढाल, तिच्यावर ब्रीदवाक्य, "जलमेव यस्य, बलमेव तस्य". पत्रांचा गठ्ठा. एक बॉयलर सूट. हा सूट आमच्या दिवंगत पेटी ऑफिसरचा. त्यांची बायको दर महिन्याला शेडमध्ये येते, सूट खाली उतरवते, झटकते, कसर लागली नाही ना बघते, खिशात डांबराच्या गोळ्या घालते आणि पुन्हा टांगते. नोटिशीची बातमी कळल्यावर ती मला म्हणाली, "त्यांचो सूट खंय नेतले ओ?" मी उत्तर दिलेलं नाही. ते आपण द्यावं.

आमच्या तक्रारी आता एकेक करून मांडतो.

पहिली. विचारलं नाही. शेडच्या जागी वॉटर स्पोर्ट्सची तिकीट खिडकी, पार्किंग आणि सेल्फी पॉइंट होणार हे आम्हाला एका पुतण्याच्या मोबाइलवरून कळलं. बैठक झाली म्हणता, तर त्या बैठकीला ज्यांची जागा जाणार त्यांना बोलवायला किती पावलं चालावी लागली असती? शेड आणि आपलं कार्यालय यांत एक वडाचं झाड आहे.

दुसरी, आणि ही मला सगळ्यात जास्त लागली. सेल्फी पॉइंटसाठी फायबरची युद्धनौका उभी करणार आहात, आणि तिच्यावर "विराट" असं नाव घालणार आहात. आराखड्याचं चित्र आपण फलकावर लावलंय. साहेब, ती बोट विराट नाही. चित्रातल्या बोटीचं नाक सपाट आहे. आमच्या बोटीचं नाक वर उचललेलं होतं, १२ अंशांचा स्की-जंप, कारण सी हॅरियर थोडं धावून त्या चढावरून हवेत झेपावायचा आणि परतताना उभ्याउभ्या खाली उतरायचा. दुरून, क्षितिजावर नुसती सावली दिसली तरी विराट ओळखू यायची ती त्या चढामुळे. तिचा क्रमांक आर २२. चित्रातला क्रमांक कुणाचा ते शोधत बसलो नाही. डेकवरची विमानं परदेशी सिनेमातली वाटतात. ज्या शेडमध्ये त्या बोटीवरची २२ माणसं अजून जिवंत बसतात, ती पाडून तिच्या जागी दुसऱ्याच बोटीला तिचं नाव द्यायचं? आणि ठेकेदाराला दुरुस्ती सुचवायची झाली तर तो विचारणार कुणाला?

तिसरी तक्रार जुनी आहे, आणि ती आपल्या एकट्यावर टाकणं अन्यायाचं होईल. विराट ६ मार्च २०१७ रोजी मुंबईत निवृत्त झाली. सूर्यास्ताला निशाण उतरलं. आमच्यातले अकरा जण गेले होते. हर्मीसवर नोकरी केलेले ब्रिटिश म्हातारेही आले होते. मला त्यांची इंग्रजी कळेना, त्यांना माझी. पण त्यातला एक स्टोकर निघाला. त्याने हाताने व्हॉल्व्ह फिरवायची खूण केली, कोपरावरचा भाजल्याचा डाग दाखवला, मी माझा दाखवला. झालं, ओळख पटली.

मग नोव्हेंबर २०१८. राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली की विराट आपल्या सिंधुदुर्गात, निवतीच्या खडकाजवळ आणून तिचं संग्रहालय आणि साहसी पर्यटनाचं केंद्र करायचं. खर्च ८५२ कोटी. त्या रात्री आम्ही शेडमध्ये झोपलो नाही. बोट आपल्या दारात येणार! निवतीच्या एकाने घरच्या दोन खोल्यांना रंग काढला, मुंबईचे जुने सोबती राहायला येतील म्हणून. त्या खोल्यांत आज नारळ आणि जुनी जाळी आहेत. योजना पुढे सरकली नाही. २०२० साली बोट ३८ कोटी ५४ लाखांना भंगारात गेली. सप्टेंबरात टगबोटींनी तिला मुंबईतून ओढत नेलं, आणि ती दक्षिणेला आमच्याकडे यायच्या ऐवजी उत्तरेला, गुजरातमध्ये अलंगला गेली. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोडणीला स्थगिती दिली, तेव्हा आमच्या कुकने शेडमध्ये पेढे वाटले. पण तोवर बरंच लोखंड निघालं होतं. एप्रिलात तीही आशा संपली.

त्याआधी जुन्या विमानवाहू विक्रांतचंही हेच झालं होतं. १९९७ साली निवृत्त झालेली ती बोट काही वर्षं मुंबईत संग्रहालय म्हणून उभी होती, २०१४ साली मुंबईतच, दारूखाना नावाच्या जहाजतोडणीच्या भागात तोडली. तिच्या पोलादाचा थोडा अंश वापरून पुढे मोटरसायकल निघाली. आमच्या वाडीत एकाकडे ती आहे. रोज सकाळी किक मारताना तो म्हणतो, चला, विक्रांतवर बसूया. हसायचं की रडायचं ते तुम्हीच ठरवा.

हे इथे काढण्याचं कारण एवढंच, की ८५२ कोटींच्या गोष्टी आमच्या हातातल्या नव्हत्या आणि आपल्याही नव्हत्या. दोन खोल्यांची शेड मात्र पूर्ण आपल्या हातातली आहे. दिल्लीला, मुंबईला विचारावं लागणार नाही.

चौथी तक्रार. नोटीस म्हणते की शेडचा "पर्यटनाला उपयोग नाही". मग आजूबाजूला बघूया. विशाखापट्टणमला आयएनएस कुरसुरा ही निवृत्त पाणबुडी समुद्रकिनाऱ्यावर ठेवून २००२ पासून संग्रहालय चालू आहे. तिथे आत फिरवायला, माहिती द्यायला निवृत्त नौसैनिकच आहेत. मी गेलोय. एक म्हातारा गाइड पेरिस्कोपपाशी उभा राहून पोरांना आपल्या पहिल्या डुबकीची गोष्ट सांगत होता आणि ती पोरं हलत नव्हती. दीवला १९७१ च्या युद्धात बुडालेल्या आयएनएस खुकरी या युद्धनौकेचं स्मारक आहे, १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक त्या रात्री बोटीबरोबर गेले. त्याच नावाची पुढची खुकरी २०२१ साली निवृत्त झाल्यावर तीही दीवला दिली गेली.

आणि आपल्याच जिल्ह्यात बघा. गुलदार ही निवृत्त लँडिंग शिप निवतीच्या खडकाजवळ समुद्रतळाशी ठेवून पाण्याखालचं संग्रहालय करायचं ठरलं. पोलंडमध्ये बांधलेली ही बोट १९८५ च्या डिसेंबरात नौदलात आली आणि १२ जानेवारी २०२४ रोजी पोर्ट ब्लेअरला तिच्या दोन भगिनींबरोबर, चीता आणि कुंभीरबरोबर निवृत्त झाली. या बोटी किनाऱ्याला पोट टेकवून सैनिक आणि रणगाडे उतरवायच्या. २००४ च्या त्सुनामीत मदत घेऊन धावल्या. मला ही कल्पना वाईट वाटत नाही. माशांना घर मिळेल, पोरांना रोजगार. पण पाण्याखाली उतरणारा पर्यटक वर आल्यावर विचारणार, ही कुठली बोट होती, हिच्यावर कोण होतं? आणि ज्या आजीला डुबकी मारता येत नाही, तिने काय बघायचं? त्याचं उत्तर देणारी जागा किनाऱ्यावरच लागेल. आपल्या शेडइतकी तयार जागा दुसरी कुठे आहे? आमच्या ३७ जणांत तीन जण अशा लँडिंग शिपवरही होते. त्यांना विचारून बघा. वाळूत टेकलेली बोट भरतीची वाट बघत पुन्हा मागे कशी काढतात, हे ते काडेपेटी आणि ताटलीतल्या पाण्याने दाखवतात. गेल्या मे महिन्यात पुण्याहून आलेली शाळकरी पोरं दीड तास तिथून उठली नाहीत. वॉटर स्पोर्ट्सची बोट त्यांना सोडून निघून गेली, यावरून आई-बाप आमच्यावर थोडे रागावले, ते वेगळं.

एक छोटी तक्रार आणखी. नोटिशीत आमचा उल्लेख "सदर अतिक्रमणधारक" असा आहे. ४ डिसेंबर २०२३ रोजी नौदल दिन मालवणच्या किनाऱ्यावर झाला तेव्हा आपल्याच संस्थेने आम्हाला शाल-श्रीफळ दिलं होतं. त्या पत्रात "आमच्या गावचे भूषण" होतं. दोन्ही कागद शेजारी शेजारी टांगावेत, असं एकाने सुचवलं. मी नको म्हटलं.

मागण्या थोडक्या आहेत.

नोटिशीला स्थगिती द्या आणि आम्हाला एकदा समोर बसवून ऐका. तास पुरे.

तिकीट खिडकी हवीच असेल तर पुढची खोली घ्या. समुद्राकडे तोंड असलेली तीच आहे, तुमच्या कामाला सोयीची. मागची खोली आम्हाला ठेवा, लेखी, नाममात्र भाड्याने. भाडं आम्ही पेन्शनीतून भरू. कौलं आणि जांभ्याच्या भिंती पाडू नका. तो जांभा आता तसा मिळत नाही.

फायबरच्या बोटीला विराटचं नाव द्यायचं असेल तर ती विराटसारखी करा. आराखड्याची दुरुस्ती आम्ही फुकट करून देऊ, आमच्यात एक शिपराइट, म्हणजे बोटीचा सुतार आहे, मापं त्याला तोंडपाठ आहेत. तेवढं जमत नसेल तर नाव काढा. बोट कुठलीही उभी करा, आमचं काही म्हणणं नाही.

गावातली पाच-सहा मुलं-मुली निवडा. आम्ही त्यांना शिकवू : बोटीचे भाग, दीपगृहांचे दिवे, १९७१ ची कराचीची लढाई, आणि ४ डिसेंबरलाच नौदल दिन का असतो ते. त्यांनी पर्यटकांना सांगावं आणि त्याचे पैसे त्यांना मिळावेत. आम्हाला मानधन नको. पण हे या वर्षी सुरू करा, कारण पुढच्या वर्षी शिकवायला कोण कोण असेल ते मी लिहून देऊ शकत नाही.

शेवटची मागणी विजेची. मागच्या खोलीत एक प्लग पॉइंट द्या. एक पुतणी मोबाइलवर आमच्या आठवणींचं रेकॉर्डिंग करते. कुकचं ती तो गेला त्याच्या आदल्या रविवारी करणार होती. मोबाइलची बॅटरी संपली म्हणून पुढच्या रविवारावर ढकललं.

आपल्यातल्या काहींशी माझा घरोबा आहे, दोघांच्या मुंजीत मी जेवलोय. पत्र मनाला लावून घेऊ नये. पण ते गावासमोर वाचलं जावं, म्हणून त्याची प्रत वडाच्या झाडाखालच्या फलकावर, आपल्या आराखड्याच्या शेजारी लावत आहे.

येत्या ६ मार्चला आम्ही नेहमीप्रमाणे संध्याकाळी पाचला जमणार आहोत. सूर्य मावळेपर्यंत बसतो, मग निघतो. शेड उघडी असेल की बाहेर कट्ट्यावर बसायचं, एवढं तरी फेब्रुवारीअखेर लेखी कळवा. कट्ट्याला चार पायऱ्या आहेत, आणि आमच्यातले दोघं आता वॉकर घेऊन येतात.

आपला,
विराटवरचा एक निवृत्त स्टोकर
वहीतल्या उरलेल्या २१ जणांच्या वतीनेही